बोका शूला बसतो, पण शू होते का?

या वेळच्या टपालात बोक्यांच्या लघवीबद्दल आठ पत्रं आहेत आणि मांजरीच्या लघवीबद्दल एकही नाही. मूत्राशयाला सूज माद्यांनाही येते, पण त्यांची लघवीची वाट आखूड आणि रुंद असते. बोक्याची लांब असते आणि टोकाकडे निमुळती होत एक मिलिमीटरहूनही अरुंद होते. सगळी भानगड त्या शेवटच्या टोकाशी आहे. म्हणून हा महिना बोक्यांनाच देऊन टाकला आहे.

आधी एक विनंती. तुमचा बोका आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, शूला बसून रिकामाच उठत असेल तर मासिक मिटा आणि दवाखान्यात फोन लावा. उरलेलं नंतर वाचलं तरी चालेल.

प्रश्न : आमचा मन्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, घरातच राहणारा, अंगाने गुबगुबीत. एका रविवारी संध्याकाळी तो सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसू लागला. पाठ वाकवून जोर करायचा, वाळू खरवडायचा, बाहेर यायचा, पुन्हा आत. आम्हाला वाटलं, शी अडकली आहे. पूर्वी दिलेलं पोट साफ व्हायचं औषध घरात होतं, ते पाजलं. रात्री तो कपाटाखाली जाऊन गप बसला. ‘आता बरं वाटतंय त्याला’ म्हणून आम्हीही झोपलो. सकाळी दोन उलट्या आणि अंग गार. दवाखान्यात कळलं की लघवी तुंबली होती. तीन दिवस नळी आणि सलाईन, पण वाचला. आमचं काय चुकलं? शी अडकली की शू, हे घरी ओळखायचं कसं?

उत्तर : तुमचं जे चुकलं ते माझंही एकदा चुकलेलं आहे, म्हणून तुम्हाला रागवायला मला तोंड नाही. प्रॅक्टिसला तीन-चार वर्षं झाली होती. रात्री दहाच्या सुमारास फोन आला, ‘डॉक्टर, बोक्याला शी होत नाहीये, सारखा जोर करतोय.’ मी विचारलं, शेवटची शी कधी झाली? काल. मग म्हटलं, घाबरू नका, सकाळी घेऊन या. शू होते का, हा एक प्रश्न मी विचारला नाही. सकाळी आला तेव्हा तो काळा-पांढरा बोका टोपलीत आडवा होता. घाबरलेल्या मांजराचं हृदय तपासणीच्या टेबलावर मिनिटाला एकशे ऐंशी-दोनशे ठोके टाकतं, त्याचं ऐंशीच्या आसपास चाललं होतं. आम्ही जमेल ते सगळं केलं. दुपारपर्यंत तो गेला. मालकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, कारण त्यांच्या मते मी त्यांना नीटच सांगितलं होतं. तेव्हापासून फोनवर ‘जोर करतोय’ हे शब्द आले की पुढचं काही ऐकण्याआधी मी शूबद्दल विचारते.

आता तुमचा प्रश्न. बसण्याच्या ढबीवरून शी की शू हे ओळखता येतं असं सांगणारे भेटतील. मला एवढ्या वर्षांनंतरही खात्रीने येत नाही. म्हणून नियम असा ठेवा : बोका जोर करतोय म्हणजे लघवीची अडचण आहे असंच धरायचं, ओली वाळू समोर दिसेपर्यंत. शी दोन दिवस अडकली तर बोका कुरकुरतो. शू दोन दिवस अडकली तर बोका राहत नाही.

वाळू हाच तुमचा पुरावा. गोळे बांधणारी वाळू वापरत असाल तर काम सोपं आहे. धडधाकट मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा शू करतं आणि प्रत्येक वेळी मुठीएवढा गोळा तयार होतो. वाळू उपसताना हे गोळे मोजायची सवय लावून घ्या. संध्याकाळपासून दहा फेऱ्या आणि वाळू कोरडी, किंवा नाण्याएवढे चार-पाच ठिपके, एवढं दिसलं की पुरे. जोडीला आणखी खुणा असतात. बोका मागचा पाय वर करून लघवीची जागा पुन्हा पुन्हा चाटतो. बसल्या बसल्या खोल, घशातून ओरडतो, हे ओरडणं नेहमीच्या म्यावपेक्षा वेगळं असतं आणि एकदा ऐकलं की विसरत नाही. पोटाला हात लावू देत नाही. लिटर सोडून फरशीवर, बेसिनमध्ये, गादीवर बसून बघतो. खरं तर तो जागा बदलून बघत असतो, कारण त्याच्या लेखी दुखतंय ते त्या डब्यात.

आणि कपाटाखालची ती शांतता. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती हीच. ओरडणारा बोका अजून लढत असतो. जो तासन्‌तास जोर करून अचानक गप झाला, अंधारात जाऊन बसला, जेवण हुंगून सोडून दिलं, त्याला बरं वाटत नसतं. त्याच्या रक्तात विष चढायला लागलेलं असतं. लघवीतून जे बाहेर पडायला हवं ते आतच साठतं, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं. ते साधारण चार-पाचच्या आसपास असावं लागतं, तुंबलेल्या बोक्यात आठ-नऊ झालेलं मी पाहिलं आहे. हृदयाचे ठोके मंदावतात ते त्यानेच. वाट पूर्ण बंद झाली की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या आणि मरगळ सुरू होते, आणि उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो.

दवाखान्यात मन्याचं काय केलं असेल तेही सांगते, कारण ‘नळी घातली’ एवढंच ऐकून लोक घरी जातात. त्याचं मूत्राशय हाताला कच्च्या पेरूसारखं टणक लागलं असेल. आधी हृदय सांभाळतात : सलाईन, पोटॅशियम फार चढलं असेल तर कॅल्शियमचं इंजेक्शन, कधी ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. मग गुंगी. लिंगाचं टोक बाहेर काढलं की बऱ्याचदा जांभळं पडलेलं दिसतं आणि त्याच्या तोंडाशी पांढरट बूच असतं, टूथपेस्टसारखं. बोटांच्या चिमटीत चोळलं तर बारीक रेती चोळल्यासारखी किरकिर लागते. काही वेळा टोक हलकेच चोळूनच ते निघतं. नाही निघालं तर बारीक नळी टेकवून मिठाच्या पाण्याचा दाब देत देत पुढे सरकायचं, अगदी हळू, कारण घाई केली तर वाट फाटते. नळीच्या टोकाला आधी किरकिर लागते, मग अचानक अडथळा जातो आणि चहाच्या रंगाची, रक्तमिश्रित लघवी नळीतून वाहू लागते. एवढ्या वर्षांनीही त्या क्षणी माझे खांदे खाली येतात.

वाट मोकळी झाल्यावर मूत्रपिंडं काही काळ बेसुमार लघवी बनवतात, म्हणून सलाईन पुढेही चालू ठेवावं लागतं. ‘तुंबलेलं तर काढलंत, मग दोन दिवस कशाला ठेवून घेता?’ याचं उत्तर हे. घरी आल्यावर पहिला आठवडा सर्वांत नाजूक, पुन्हा तुंबण्याची भीती तेव्हाच जास्त. रोज गोळे मोजा आणि शक्य असेल तर त्या दिवसांत मन्याला त्याचा वेगळा लिटर बॉक्स द्या.

प्रश्न : माझ्या बोक्याला थेंब थेंब शू होते आहे, म्हणजे पूर्ण बंद नाही. दोन दिवस वाट बघितली तर चालेल का?

उत्तर : नाही. नळाला गच्च बूच बसलं तरी कडेने एखादा थेंब झिरपतोच. आतलं मूत्राशय भरतच असतं. थेंब येतात यावरून एवढंच कळतं की अजून थोडा वेळ हातात आहे. तो आजच वापरा. थेंब रक्ताचे असतील तर दवाखाना बंद व्हायची वेळ झाली म्हणून उद्यावरही ढकलू नका.

आणि कृपा करून पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका. हे करून आलेले लोक मी पाहिले आहेत. तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं. तसंच, ‘पाणी जास्त प्यायलं की खडा वाहून जाईल’ म्हणून सिरिंजने पाणी पाजत बसू नका. वाट बंद असताना वरून पाणी ओतलं तर ते जाणार कुठे?

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा खंड्या आठवड्यापासून बाथरूमच्या फरशीवर थोडी थोडी गुलाबी शू करतो. लघवी तुंबलेली नाही असं डॉक्टर म्हणाले. गेल्या वर्षी असंच झालं होतं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि पाच दिवसांत बरा झाला. या वेळचे डॉक्टर म्हणतात, जंतू नाहीत, अँटिबायोटिक नको, घरात काय बदललं ते शोधा. मांजराला कसला आलाय ताण? डॉक्टर बदलू का?

उत्तर : बदलू नका. हे डॉक्टर नशिबाने मिळालेत.

तरुण आणि मध्यमवयीन मांजराच्या लघवीत रक्त आलं की त्यामागे जंतू क्वचितच असतात. दहाच्या पुढच्या वयात, किंवा ज्यांना मधुमेह वा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांच्यात, जंतू जास्त सापडतात. खंड्याच्या वयात सर्वांत नेहमीचं निदान म्हणजे मूत्राशयाची अशी सूज, जिचं एकच एक कारण तपासणीत सापडत नाही. दगड नाही, जंतू नाही, गाठ नाही, पण आतलं अस्तर सुजलेलं, दुखणारं. आणि या सुजेची खोड अशी की बहुतेक वेळा ती पाच-सात दिवसांत आपोआप उतरते, औषध दिलं तरी आणि नाही दिलं तरी. म्हणजे गेल्या वर्षी खंड्या अँटिबायोटिकने नव्हे, पाच दिवसांनी बरा झाला. श्रेय मात्र गोळीला गेलं. या सुजेत खरी गरज असते ती वेदनाशामकाची, आणि ते डॉक्टरांनी मांजरासाठी ठरवून दिलेलंच हवं. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी आहे, अर्धीसुद्धा. ती पचवून टाकायची यंत्रणा त्यांच्या यकृतात नाही.

आता ताण. हा शब्द मलाही आवडत नाही, कारण तो ऐकला की घरातली माणसं दुखावतात : ‘आम्ही त्याला किती लाडात ठेवतो!’ पण मांजराच्या ताणाचा लाडाशी संबंध नाही, त्याच्या दिनक्रमाशी आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर कित्येक वर्षं काम केलं. त्यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अगदी निरोगी मांजरंसुद्धा, रोजची वेळ आणि रोजची माणसं बदलली की, जेवण सोडणं, उलटी करणं, लिटरबाहेर जाणं असे प्रकार करू लागली. ज्यांना आधीच या सुजेची खोड आहे, त्यांचं तर विचारूच नका. मूत्राशय आणि मज्जासंस्था यांचा तो आपसातला व्यवहार आहे. नुसत्या मूत्राशयाला औषध देऊन तो मिटत नाही.

म्हणून मी ‘ताण आहे का’ असं विचारत नाही. मी विचारते, ‘गेल्या महिन्यात घरात काय हललं?’ एका घरी सगळ्यांनी ठामपणे सांगितलं, काहीही नाही. पाचएक मिनिटांनी घरातली शाळकरी मुलगी म्हणाली, ‘आपण कपाट हलवलं ना, म्हणून आता त्याला खिडकीतून तो पिवळा बोका दिसतो.’ बाहेरचा एक बोका रोज संध्याकाळी त्या खिडकीच्या कठड्यावर येऊन बसत होता, आणि आतला बिचारा काचेला नाक लावून दोन-दोन तास त्याच्याकडे बघत होता. कपाट काही त्यांनी जागेवर नेलं नाही, खिडकीच्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवला. तो बोका नंतर वर्षभर माझ्याकडे फिरकला तो फक्त लसीसाठी. दर वेळी इतकं सरळ सापडत नाही हेही सांगते. पण शोधायची जागा ही.

हलण्यात काय काय येतं? नवं बाळ, नवं मांजर, पाहुणे, घराची डागडुजी, कुणाची तरी बदललेली नोकरीची पाळी, नवी वासाची वाळू. शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. मांजराचं नाक त्या डब्यापासून एक वीत अंतरावर असतं, आणि आपण त्यात लव्हेंडर ओततो. सुगंध आपल्यासाठी असतो, त्याच्यासाठी नाही. बिनवासाची वाळू घ्या. डबा एवढा मोठा हवा की बोका त्यात वळून उभा राहू शकेल. त्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट, हा अंदाज बरा. डब्यांची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त ठेवा आणि ते वेगवेगळ्या जागी ठेवा. एकमेकांना चिकटून ठेवलेले तीन डबे मांजराच्या हिशेबात एकच, कारण दारात दुसरं मांजर आडवं बसलं की तिन्ही बंद.

पाण्याबद्दलही एवढ्यातच सांगून टाकते. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातली रानमांजरं. त्यामुळे लघवी दाट करून पाणी वाचवणं त्यांना फार चांगलं जमतं आणि तहान लागणं फारसं जमत नाही. कोरड्या दाण्यात पाणी असतं दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्या खाण्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के. लघवी पातळ करायची असेल तर खाण्यातूनच पाणी पोटात घाला : ओलं खाणं, नाहीतर दाणे भिजवून. बदल एका दिवसात करू नका, आठवडा-दोन आठवडे घ्या. नाहीतर तोच नवा ताण.

प्रश्न : लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘स्ट्रुव्हाइट क्रिस्टल्स’ असं लिहून दोन अधिकची चिन्हं दिली आहेत. बोक्याला खडे झाले का? ऑपरेशन लागेल का? तो एरवी मजेत आहे, तपासणी नेहमीचीच होती.

उत्तर : क्रिस्टल म्हणजे खडा नव्हे. साखरेच्या दाट पाकात कण दिसावेत तसे ते दाट लघवीत दिसतात, आणि ज्यांना काहीही त्रास नाही अशा मांजरांतही दिसतात. शिवाय नमुना फ्रिजमध्ये पडून राहिला तर बाटलीतच क्रिस्टल तयार होतात. नमुना घेतल्यापासून किती वेळाने तपासला, हे विचारा. तासाभरात तपासलेल्या ताज्या नमुन्यावर माझा विश्वास, दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यावर नाही. खडा आहे की नाही हे एक्स-रे किंवा सोनोग्राफी सांगते.

खडे खरोखर असले तर दोन प्रकार जास्त दिसतात. स्ट्रुव्हाइटचे खडे विशेष आहाराने विरघळतात, साधारण दोन ते पाच आठवड्यांत, अर्थात त्या काळात बोक्याच्या तोंडात दुसरं काही गेलं नाही तर. (‘फक्त एक बिस्कीट दिलं’ म्हणणाऱ्या आजोबांना मी ओळखून आहे.) कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून जगभरातून आलेले प्राण्यांचे खडे तपासणारं केंद्र आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिथे मांजरांचे बहुतेक खडे स्ट्रुव्हाइटचे असत. मग कंपन्यांनी खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्लधर्मी करणारं खाणं आणलं, स्ट्रुव्हाइट कमी झाले आणि ऑक्झलेटचं प्रमाण वाढलं. म्हणून ‘युरिनरी’ लिहिलेली पिशवी स्वतःच्या मनाने आणून घरातल्या सगळ्या मांजरांना घालू नका. पिल्लांना आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ती चालतेच असं नाही. तुमच्या मजेतल्या बोक्याला आत्ता ओलं खाणं आणि दुसरा ताजा नमुना, एवढं पुरे.

प्रश्न : दीड वर्षाचा बोका पडद्यावर आणि दारावर शू करतो. हा पण आजार का?

उत्तर : कशी करतो ते बघा. उभ्याने, शेपूट वर थरथरत, पाठ पडद्याकडे करून उभ्या पृष्ठभागावर फवारा मारत असेल तर तो हद्द आखतोय. नसबंदी झालेली नसेल तर करून घ्या, दहांतले सुमारे नऊ बोके त्यानंतर ही सवय सोडतात किंवा बरीच कमी करतात. बसून, आडव्या जागेवर, थोडी थोडी, पुन्हा पुन्हा करत असेल तर तो मूत्राशयाचा प्रश्न आणि तपासणी हवी. फवारणाराही अचानक जास्त फवारू लागला तर लघवी तपासून घ्या.

प्रश्न : लहान वयात नसबंदी केली की लघवीची नळी अरुंद राहते, म्हणून पुढे तुंबते, असं ऐकलं. थांबू का?

उत्तर : हा समज जुना आहे. लवकर आणि उशिरा नसबंदी केलेल्या बोक्यांच्या नळीचा व्यास मोजून पाहिला गेला आहे, लक्षात घेण्यासारखा फरक सापडला नाही. नसबंदीनंतर फरक पडतो तो वजनात : भूक वाढते, हालचाल कमी होते आणि वाटीतले दाणे तेवढेच राहतात. तुंबणारे बोके बहुतेक वेळा दोन ते सात वर्षांचे, घरात बसणारे, कोरडं खाणारे आणि जाडजूड. तेव्हा नसबंदी करा आणि त्याच दिवसापासून वाटी मोजून भरा.

प्रश्न : वर्षात तिसऱ्यांदा लघवी तुंबली. डॉक्टर म्हणतात, नळीचं अरुंद टोक काढून टाकून रुंद वाट करू या. हे ऐकूनच अंगावर काटा आला. करावं का?

उत्तर : पहिल्यांदा तुंबलं तेव्हा कुणी हे सुचवलं असतं तर मी थांबा म्हटलं असतं. तिसऱ्यांदा, तेही आहार आणि घर बदलून झाल्यावर, असेल तर मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूची. नळी वारंवार घालून आतली वाट खरवडली जाते आणि आणखी अरुंद होते, हेही लक्षात घ्या. ऑपरेशननंतर बोका पूर्वीसारखाच बसून शू करतो, फक्त दार रुंद झालेलं असतं. टाके भरेपर्यंत गळ्यात कॉलर आणि डब्यात वाळूऐवजी फाडलेला कागद, कारण वाळू जखमेत जाते. कॉलर दोन दिवसांत काढून टाकायचा मोह होईल, आवरा.

दोन गोष्टी मात्र आधीच ऐकून ठेवा. रुंद वाटेतून जंतूही सहज आत जातात, म्हणून पुढे अधूनमधून लघवी तपासावी लागेल. आणि मूत्राशयाची सूज त्या ऑपरेशनने जात नाही. रक्त येणं, वारंवार बसणं पुन्हा होऊ शकतं, त्याने जीव जाण्याची भीती तेवढी बरीच कमी होते. ओलं खाणं चालूच ठेवायचं.

ता. क. म्हणून तुम्ही लिहिलंय की घरातला तेरा वर्षांचा दुसरा बोका उलट भरपूर शू करतो आणि भांडंच्या भांडं पाणी पितो. हे ता. क. मध्ये लिहिण्यासारखं नाही. मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड, तिन्ही तपासायला हवं, याच आठवड्यात. पाणी कमी करू नका.

प्रश्न : रात्री दोन वाजता असं झालं तर? आमचे डॉक्टर रात्री नसतात. फोनवर काय सांगायचं तेही सुचत नाही.

उत्तर : हे आजच ठरवून ठेवा. रात्री चालू असणारा तुमच्या जवळचा दवाखाना कोणता, हे शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा. रात्री दोन वाजता, बोका ओरडत असताना, ते शोधायचं काम नाही.

फोनवर पहिलं वाक्य : ‘बोका आहे, शू होत नाहीये.’ नाव, वय, किती लाडका आहे, हे सगळं नंतर. मग सांगा : शेवटचा ओला गोळा कधी दिसला, किती फेऱ्या झाल्या, उलटी झाली का, जेवला का, पूर्वी असं झालं होतं का. पलीकडून कुणी ‘सकाळी आणा’ म्हणालं तर विचारा, ‘लघवी बंद आहे हे ऐकलंत ना?’ उद्धटपणा वाटेल, वाटू द्या. मी त्या रात्री फोनवर होते तेव्हा मला कुणी असं विचारायला हवं होतं.

निघण्याआधी खायला, प्यायला, औषध, काहीही देऊ नका, गुंगी द्यावी लागण्याची शक्यता असते. जोर करतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, त्यावरून मला पाच मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त कळतं. उचलताना पोटाखाली हात घालून दाबू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. टोपलीत जुना टॉवेल अंथरा, पांढरा असला तर उत्तम. गाडीच्या हादऱ्यांनी कधी कधी वाटेत थोडी शू होते, आणि मग घरची मंडळी ‘झाली, झाली’ म्हणत अर्ध्या वाटेतून परत फिरतात. फिरू नका. टॉवेल घेऊन या. किती ओला झालाय आणि कुठल्या रंगाने, ते मला बघू द्या.